सोन्याच्या खाणीचं सायनाइडचं पाणी आणि आपला कोकणातला पाऊस

सांडपाणीवाला (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "कोकणात सोनं सापडलं तर खाण होऊ द्यावी का" यावर बरीच खडाजंगी झाली. एका बाजूचं म्हणणं, सायनाइड आलं की खाडी मेलीच. दुसऱ्या बाजूचं, हल्ली सगळं शुद्ध करूनच सोडतात, उगाच घाबरवू नका. मी चिपळूणकडचा आणि कामाची बरीच वर्षं कर्नाटकात सोन्याच्या खाणींच्या सांडपाण्यात काढलेला माणूस. दोन्ही बाजूंना अर्धंच माहीत आहे असं मला वाटलं, म्हणून हा वेगळा धागा. लांबेल, पण वाचा.

आधी सायनाइड का लागतं ते. खाणीतल्या दगडात सोनं टनामागे काही ग्रॅम असतं, डोळ्यांना दिसतही नाही. दगड पिठासारखा दळायचा आणि सोडियम सायनाइडच्या पातळ द्रावणात हवा सोडत घुसळायचा, की सोनं विरघळून पाण्यात येतं. ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये ही पद्धत काढली. विरघळलेलं सोनं पुढे कोळशावर किंवा जस्ताच्या भुकटीवर पकडतात. हे सगळं चालतं चुन्याने क्षारीय केलेल्या पाण्यात, सामू (पीएच) साधारण १०.५ च्या वर राखून. कारण सामू खाली आला की सायनाइडचा हायड्रोजन सायनाइड होतो, आणि तो २६ अंशांनाच उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वायूच.

सोनं काढून घेतल्यावर जो पातळ गाळ उरतो, तो आपला विषय. त्यात सायनाइड एका रूपात नसतं. थोडं मोकळं असतं. थोडं तांबं, जस्त, निकेल यांना सैल धरून असतं, ते सौम्य आम्लातही सुटतं. थोडं लोखंडाला घट्ट चिकटलेलं असतं. दगडात गंधक असेल तर बरंचसं थायोसायनेट होऊन बसतं. खाणीतले लोक मोकळं आणि सैल बांधलेलं मिळून जो आकडा होतो त्याला "वॅड" म्हणतात. मासे आणि पक्षी मारण्याच्या दृष्टीने तोच आकडा महत्त्वाचा. कोणी नुसतं "सायनाइड इतकं आहे" म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचारा की कुठलं सायनाइड मोजलंत?

आता नष्ट करण्याच्या पद्धती. सर्वांत जुनी क्लोरीनची. सामू १० च्या वर ठेवून क्लोरीन किंवा हायपोक्लोराइट घालायचं, सायनाइडचं सायनेट होतं. मग सामू साडेआठच्या आसपास आणून आणखी क्लोरीन दिला की सायनेटचा नायट्रोजन आणि बायकार्बोनेट होतो. हिशेबाने एक किलो सायनाइडला पहिल्या टप्प्यात २.७ किलो क्लोरीन, दोन्ही टप्पे धरून जवळजवळ ७ किलो. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतो, कारण थायोसायनेट मधल्यामधे क्लोरीन खाऊन टाकतं. त्यामुळे मोठ्या खाणींनी ही पद्धत बहुतेक सोडली. लोखंडाला चिकटलेल्या सायनाइडला क्लोरीन हातही लावत नाही, हा दुसरा दोष.

सध्या सर्वांत जास्त चालते ती सल्फर डायऑक्साइड आणि हवेची पद्धत. इन्को या कॅनडाच्या कंपनीने ती १९८०च्या दशकात विकसित केली. गाळात हवा सोडायची, सल्फर डायऑक्साइड किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, थोडं तांबं उत्प्रेरक म्हणून द्यायचं, आणि चुन्याने सामू ८ ते ९ च्या दरम्यान धरून ठेवायचा. (आंब्याचा रस टिकवायला आपण जे केएमएस घालतो, ते या मेटाबायसल्फाइटचंच पोटॅशियमवालं भावंड.) हिशेबाने एक ग्रॅम सायनाइडला अडीच ग्रॅमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड लागतो, कारखान्यात तीन ते पाच धरतात. या पद्धतीचं मोठेपण असं की गाळासकट पाणी टाकीत घेता येतं, गाळण्याची गरज नाही. लोखंडाबरोबरचं सायनाइडही तांब्या-जस्ताबरोबर साका होऊन खाली बसतं.

हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरतात, पण तो स्वच्छ निवळलेल्या पाण्याला परवडतो. गाळ असला की तो भराभर वाया जातो.

माझा अनुभव सांगतो की टाकीतली ही रसायनं नीट माहीत असलेली आहेत आणि चालतात. सायनाइड पाऱ्यासारखं नाही, शिशासारखं नाही. तो कार्बन आणि नायट्रोजन आहे, मोडता येतो. त्यामुळे "सायनाइड म्हणजे संपलं" हे मला पटत नाही. पण मोठे अपघात टाकीत होत नाहीत, टाकीच्या पुढे गाळ साठवायचा जो तलाव असतो तिथे होतात. आणि तलावाचा प्रश्न आला की कोकणाची गोष्ट कर्नाटकापेक्षा पार वेगळी होते. ते पुढच्या प्रतिसादांत.

--

वाशिष्ठीकाठ

काका, लेख आवडला. आमचं घर दाभोळ खाडीच्या काठावर, घरात मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या. खाण नसतानाही आम्ही मेलेले मासे पाहिलेत, त्यामुळे मानकं वगैरे ऐकलं की पोटात गोळा येतो. मला दोन गोष्टी सांगा. सरकारी मर्यादा किती आहे? आणि मासा कितीला मरतो?

--

सांडपाणीवाला

पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा नदीनाल्यात आणि समुद्रात सोडायच्या पाण्याला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम सायनाइड अशी आहे. सार्वजनिक गटारात सोडायचं असेल तर २ मिलिग्रॅम, कारण पुढे शुद्धीकरण आहे असं गृहीत. पिण्याच्या पाण्याला ०.०५.

मासा कितीला मरतो? ट्राउटसारखे नाजूक मासे मोकळ्या सायनाइडच्या ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासच दगावतात. म्हणजे मर्यादेतलं पाणीसुद्धा खाडीत पुरेसं मिसळलं नाही, तर सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी मासे मरू शकतात. ०.२ हा आकडा पाणी पातळ होणार या भरवशावर उभा आहे.

खाडीत पातळ होणं किती कठीण ते तुमच्या घरात मला सांगायला नको. उधाणाच्या भरतीला पाणी लांब जातं. भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत तेच पाणी वरखाली हेलकावत राहतं. ओहोटीला सोडलेलं पुढच्या भरतीला परत येतं. शिवाय खाडीच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. त्या सामूला मोकळं सायनाइड नव्वद टक्क्यांहून जास्त हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं, आणि माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतं ते हेच रूप.

--

बाणकोटची_भरती

मेलेल्या माशांवरून ओळखता येतं का की सायनाइडने मेले की प्राणवायू संपल्याने? आमच्याकडे पहिल्या पावसात मासे तरंगतात तेव्हा प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो.

--

सांडपाणीवाला

पक्कं नाही ओळखता येत, पण खुणा आहेत. सायनाइड शरीराला प्राणवायू वापरूच देत नाही, रक्तात तो तसाच राहतो. म्हणून ताज्या मेलेल्या माशाचे कल्ले लालभडक दिसतात. पाण्यातला प्राणवायू संपला असेल तर मासे बहुधा पहाटे वर येऊन तोंड वासतात, मोठे आधी मरतात, कल्ले पसरलेले असतात. पहिल्या पावसात काठाची सगळी घाण एकदम धुऊन येते तेव्हा दुसरं कारण जास्त संभवतं. पण कल्ल्यांचा रंग काही तासांत जातो, त्यामुळे फोटो लगेच काढा, आणि पाण्याचा नमुना त्याहून लगेच घ्या. त्यावर शेवटी लिहितो.

--

डॉक्टरीणबाई

मेलेले मासे खाण्याबद्दल इथे कुणी विचारण्याआधीच लिहिते. सायनाइड माशाच्या मांसात शिसं-पाऱ्यासारखं साठत नाही, जगलेला मासा ते मोडून टाकतो. माणसाचं यकृतही थोड्या सायनाइडचं थायोसायनेट करून लघवीवाटे बाहेर टाकतं. पण तरंगलेला मासा कशाने मेला हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा तो खाऊ नये, विकू नये. कोंबड्यांनाही घालू नये.

दुसरं, कारखान्याच्या टाकीत किंवा गटारात कोणी कोसळलं तर मागून उडी मारू नका. आपल्याकडे एकाला वाचवायला उतरलेले तिघे-चौघे जातात, ते बहुधा वायूमुळे. तोंडाने श्वास देऊ नका. उघड्या हवेत आणा, कपडे काढा, पाण्याने धुवा, प्राणवायू द्या. हायड्रॉक्सोकोबालामिन किंवा नायट्राइट-थायोसल्फेटचं औषध रुग्णालयात असेल तरच उपयोग, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते असेलच असं नाही. सायनाइड वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या जवळच्या रुग्णालयात ते ठेवलेलं असायलाच हवं. हे मी पोटतिडकीने म्हणतेय.

--

गिलिटवाला

माझं छोटं गिलिटचं दुकान आहे, खोट्या दागिन्यांना सोन्याचं पाणी देतो. पोटॅशियम गोल्ड सायनाइड वापरतो, म्हणजे मीही या धाग्यातलाच. खाणीच्या मानाने आमचं पाणी बादलीभर, पण ते शेवटी गटारात आणि गटारातून पऱ्ह्यात (ओढ्यात) जातं. मला खरंच शिकायचंय. छोट्या माणसाने काय करावं?

--

सांडपाणीवाला

तुम्ही विचारलंत याचं फार बरं वाटलं. खाणीवर बोलणं सोपं असतं.

सगळ्यात पहिली गोष्ट, आम्लाचं धुवण आणि सायनाइडचं धुवण यांची गटारं कधीही एक करू नका. दागिना आम्लात साफ करून मग सायनाइडच्या टाकीत जातो, त्या दोन्हींची धुवणं एका मोरीत पडली तर तिथेच विषारी वायू तयार होतो. बादल्या वेगळ्या, रंगही वेगळे ठेवा.

टाकीतून दागिना काढला की थोडा वेळ टाकीवरच निथळू द्या. मग पहिली धुवायची बादली स्थिर पाण्याची ठेवा, वाहती नको. तिच्यात सोनं साठतं. ते पाणी तुम्ही परत टाकीत वापरू शकता किंवा सोनं काढायला देऊ शकता. उरलेल्या धुवणात कॉस्टिक सोडा घालून सामू साडेदहाच्या वर न्या, सामूपट्टीने तपासा, आणि मगच हायपोक्लोराइट थोडं थोडं घाला, ढवळत. क्रम उलटा झाला, म्हणजे सामू कमी असताना क्लोरीन पडला, तर सायनोजन क्लोराइड नावाचा वायू सुटतो, तोही जीवघेणा. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करा. तासभर ठेवा. क्लोरीन अजून उरलाय का ते पट्टीने पाहा. उरला असेल तर सायनाइड बहुतेक मोडलं आहे. नंतर तळाचा साका वेगळा ठेवा, तो घातक कचरा आहे, कचऱ्याच्या गाडीत द्यायचा नाही.

आणि जमलं तर सल्फाइटवर चालणाऱ्या, सायनाइड नसलेल्या सोन्याच्या टाकीची चौकशी करा. महाग पडते, पण मिळते.

--

प्रश्नचिन्ह

मग मोठ्या खाणींनाही सायनाइड सोडायला लावा की. पर्याय नाहीत का?

--

सांडपाणीवाला

आहेत, पण थोडे. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत विशिष्ट दगडासाठी थायोसल्फेट वापरलं गेलं. प्रत्येक दगडाला ते चालत नाही आणि रसायन खूप लागतं. पारा हा पर्याय म्हणून कोणी पुढे केला तर हात जोडून नको म्हणा, त्यापेक्षा सायनाइड बरं.

काही ठिकाणी लोकांनी सरळ नाही म्हटलंय. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९९८ मध्ये मतदान घेऊन नव्या उघड्या खाणींना ढिगावर सायनाइड शिंपडण्याची पद्धत बंद झाली. हंगेरीने २००९ मध्ये खाणकामात सायनाइडवर बंदी घातली. हंगेरीचं कारण मी पुढे लिहितो, कारण ते आपल्याला थेट लागू पडतं.

--

मालवणी_माणूस

ह्या सगळा बरोबर असा. पण माका एकच इचारूचा असा, आमच्या पावसाचा काय? टाकी बिकी ठीक असा, तलाव भरलो तर पाणी खय जातला?

--

सांडपाणीवाला

दादा, या सगळ्या धाग्याचा गाभा तुम्ही एका वाक्यात विचारलात.

३० जानेवारी २००० रोजी रोमानियात बाया मारे इथे सोन्याच्या खाणीच्या तलावाचा बांध फुटला. आधी बर्फ वितळत होतं, वरून पाऊस. तलावाची पातळी चढत गेली आणि बांध गेला. सुमारे १ लाख घनमीटर पाणी, त्यात ५० ते १०० टन सायनाइड, सोमेश नदीतून तिसा नदीत, तिथून डॅन्यूबमध्ये. हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे मेले. म्हणून हंगेरीने बंदी घातली. लक्षात घ्या, तो जुनाट कारखाना नव्हता. जुन्या खाणीचा गाळ पुन्हा धुऊन त्यातलं सोनं काढणारा नवा प्रकल्प होता, एक थेंबही बाहेर जाणार नाही, सगळं पाणी फिरवून वापरू, अशीच त्याची आखणी होती. पाण्याच्या जमाखर्चात पाऊस बसला नाही.

आता आपला जमाखर्च मांडू. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात, जिथे हट्टीची सोन्याची खाण चालते, तिथे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. ऊन प्रचंड. तलावात पडतं त्यापेक्षा उडून जातं जास्त. तिथे पाणी फिरवून वापरणं जमतं, उलट पाणी कमी पडतं. वर मोकळं सायनाइड उन्हाने आणि हवेने आपोआपही कमी होत जातं.

कोकणात तीन हजार मिलिमीटर धरा, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. एक हेक्टर तलावावर नुसतं आभाळातून ३ कोटी लिटर पाणी पडतं, आणि तेही चार महिन्यांत. डोंगरावरून वाहत येणारं वेगळं. त्या महिन्यांत ऊन नाही, म्हणजे आपोआप होणारं विघटनही मंद. तेव्हा इथे "थेंबही बाहेर सोडणार नाही" असं कोणी लिहून दिलं तर ते मी तरी मानणार नाही. इथे पाणी बाहेर सोडावंच लागेल, ते शुद्ध करून सोडण्याची यंत्रणा पावसाच्या सर्वांत वाईट आठवड्याला पुरेल एवढी लागेल, आणि त्या आठवड्यात वीज असेल का हाही प्रश्न विचारावा लागेल. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वीज, फोन, रस्ते यांतलं काय चालू होतं ते इथल्या निम्म्या लोकांनी अनुभवलंय.

आणि बांध. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते साध्या पाण्याचं मातीचं धरण होतं. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. खाणीचा बांध तर बऱ्याचदा गाळाच्याच थरांवर वर्षानुवर्षं उंच करत नेतात.

--

वाशिष्ठीकाठ

तिवरेची आठवण काढलीत, काका. आमच्याकडे त्या रात्रीबद्दल अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. म्हणजे तुमचं मत खाण नको असंच आहे ना? स्पष्ट सांगा.

--

सांडपाणीवाला

स्पष्ट सांगतो. उघड्या तलावात ओला गाळ साठवणारी खाण कोकणात नको. गाळ टाकीतच निर्विष करून, मोठ्या दाबाच्या गाळण्यांतून पिळून, जवळजवळ कोरडा रचणारी, वर झाकण आणि खाली अस्तर असलेली खाण असेल तर मी कागदपत्रं वाचायला बसेन. वाचून नाहीच म्हणेन असं नाही, हो म्हणेन असंही नाही. खाली जांभा आहे हे विसरू नका. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या, वर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला निघतं. अस्तर फाटलं तर ते प्रथम कुणाच्या तरी विहिरीत कळेल.

--

बाणकोटची_भरती

लोखंडाला चिकटलेलं सायनाइड साका होऊन बसतं म्हणालात. ते कायमचं बसतं का?

--

सांडपाणीवाला

चांगला प्रश्न. अंधारात, योग्य सामूला, बसून राहतं. पण विरघळलेल्या रूपात त्यावर ऊन पडलं की सुटतं आणि पुन्हा मोकळं सायनाइड होतं. सामू वाढला तर निळा साकाही विरघळतो. म्हणून खाण बंद झाल्यावर पुढची कित्येक वर्षं ढिगाकडे लक्ष ठेवावं लागतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, गाळाच्या टेकड्या गावाला खेटून अजून उभ्या आहेत. तिथले लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात, वारा सुटला की धूळ घरात येते. बंद झाल्यावरचा खर्च कोण करणार, आणि ते पैसे आधीच बाजूला ठेवलेत का, हे मी पहिल्या सभेत विचारेन.

सायनेट आणि थायोसायनेटचंही तसंच. सायनाइड मोडलं म्हणून अहवालात टिकमार्क येतो, पण सायनेटपासून अमोनिया होतो आणि अमोनियाही मासे मारतो. अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीने १९८४ पासून हे काम जीवाणूंवर सोपवलं. फिरत्या चकत्यांवर वाढवलेले जीवाणू सायनाइड, थायोसायनेट आणि शेवटी अमोनियाही खात. ते पाणी ज्या व्हाइटवूड ओढ्यात जाई, त्यात पुढे ट्राउट परत आले. मला या सगळ्या कामात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कोकणातल्या उबदार हवेत जीवाणू तर आणखी जोमाने काम करतील.

--

वाशिष्ठीकाठ

खाण येईल तेव्हा येईल. नमुन्याचं राहिलं, काका. आमच्या मंडळातली पोरं तयार आहेत. बाटली कुठली, कसं घ्यायचं, सांगा.

--

सांडपाणीवाला

आधी प्रयोगशाळेला फोन करा, मान्यता असलेली असू दे, आणि त्यांच्याकडूनच बाटल्या मागा. प्लास्टिकची गडद बाटली चालते. सायनाइड उडून जातं, त्यामुळे साध्या पाण्याच्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी नेलं तर काहीच सापडणार नाही, आणि मग "सायनाइड नव्हतंच" असा कागद तुमच्याच हातात येईल. बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ च्या वर न्यायचा असतो. ते प्रयोगशाळेने आधीच घालून दिलं तर उत्तम. तुम्ही हाताळणार असाल तर हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडी जळते. पाण्याला क्लोरीनचा वास असेल किंवा कुजक्या अंड्याचा, तर तसं लिहून द्या, दोन्हींनी चाचणी बिघडते आणि त्यावर त्यांच्याकडे उपाय असतो. बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, ऊन लागू देऊ नका. चौदा दिवस टिकतो म्हणतात, पण तुम्ही त्याच दिवशी पोचवा.

एक नमुना नळाच्या तोंडाशी, एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. प्रत्येकावर वेळ आणि भरती चालू होती की ओहोटी ते लिहा. एकूण आणि वॅड, दोन्ही सायनाइड मागा, सोबत अमोनिया आणि विरघळलेला प्राणवायूही. प्राणवायू जागेवरच मोजायचा, तो बाटलीतून नेता येत नाही. मीटर माझ्याकडे आहे, भांगाच्या दिवसांत ठरवा, मी येतो.